सहा पाकळ्यांची कागदी जाळी: तीन भागांची घडी अंदाजाने घालू नका

सणाच्या आदल्या रात्री कात्री-कागद बाहेर निघतात आणि तासाभरात जमिनीवर फसलेल्या जाळ्यांचा ढीग पडतो. सगळे कात्रीला नावं ठेवतात. कात्री बिचारी ठीकच असते, घडी चुकलेली असते. घडी घालून, कातरून, उलगडायची ही जाळी खिडकीवर लागते, दोऱ्याला टांगता येते, भेटकार्डावरही चिकटते. तेव्हा एकदाच नीट शिकून घ्या.

कागद साधा छपाईचा, ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम). कार्डशीट घेऊ नका, कुणी कितीही सांगो. शेवटी १२ पदर एकावर एक येतात आणि कार्डशीटचे १२ पदर कापताना कात्री आणि अंगठा दोन्ही कामातून जातात. घोटीव कागद चालेल, पण रंगीत बाजू आत ठेवून दुमडा, म्हणजे पेन्सिलीच्या रेघा पांढऱ्या बाजूवर राहतील. मुलं कापणार असतील तर पतंगाचा पातळ कागद द्या.

ए-४ कागदातून २१ सेंमीचा चौरस कापा. उरलेली ८.७ सेंमी रुंदीची पट्टी फेकू नका, साखळीला कामी येते. चौरस मधोमध दुमडा आणि दुमडलेली कड स्वतःकडे ठेवा.

आता खरी मेख. या लांबट घडीचे, खालच्या कडेच्या मध्यबिंदूतून, पंख्यासारखे तीन सारखे भाग करायचे आहेत. प्रत्येकी ६० अंश. इथे जो तो सांगतो, ‘अंदाजाने तीन भाग करा.’ मीही कित्येक वर्षं तेच केलं. एकदा माळेसाठी वीस जाळ्या कातरल्या आणि उलगडून पाहते तो प्रत्येकीत दोन पाकळ्या गलेलठ्ठ आणि दोन उपाशी. रात्रीचे बारा वाजलेले. माळ तशीच टांगली. आलेल्या कुणी काही म्हटलं नाही, पण मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

अंदाज इथे का चालत नाही ते सांगते. तीन भागांतली पहिली घडी २ अंशांनी चुकली, तर शेवटची बाजू मिटताना तीच चूक ६ अंशांची होते. डोळ्याला २ अंश कळत नाहीत, ६ लगेच कळतात. कोनमापक लावणारेही आहेत, पण प्रत्येक कागदावर तो मांडत बसायचं म्हणजे हौस संपली. त्यापेक्षा हे करा.

लांबट घडी पुन्हा डावी-उजवी जुळवून मधोमध दुमडल्यासारखी करा, पण नख फिरवू नका. मध्याला फक्त वर आणि खाली चिमटीने खूण करा आणि उलगडा. मग डावी कड वरच्या मध्यखुणेपर्यंत आणा आणि तिथेही फक्त वरच्या काठाशी चिमटी घ्या. ही खूण डाव्या कडेपासून सव्वापाच सेंमीवर येते. ती वरून दीड सेंमीपर्यंत खाली उतरू द्या. अख्खी रेघ पाडू नका, ती जाळीवर दिसत राहते.

आता उजवा खालचा कोपरा उचला आणि त्या डाव्या चिमटीच्या रेषेवर आणून टेकवा. घडी मात्र खालच्या मध्यखुणेतूनच गेली पाहिजे. एका हाताच्या नखाने मध्य दाबून धरा, दुसऱ्या हाताने कोपरा सरकवा. कोपरा रेषेला टेकला की मगच नख फिरवा. झाले ६० अंश, बरोब्बर. कारण सोपं आहे: मध्य, डावा कोपरा आणि उजव्या कोपऱ्याची ही नवी जागा मिळून समभुज त्रिकोण होतो, आणि समभुज त्रिकोणाचं टोक पायाच्या बरोब्बर मध्यावर उभं असतं.

उरलेली डावी बाजू वरून उजवीकडे मिटा. तिची कड उजव्या घडीवर तंतोतंत बसायला हवी. कमी पडली तर उजवी बाजू जास्त दुमडली गेली, बाहेर डोकावली तर कमी. उलगडून पुन्हा बसवा. ‘चालतंय की’ म्हणून पुढे जाऊ नका, मी गेले होते.

शेवटी ही पाचर उभी मधोमध मिटा. १२ पदर झाले. पदर जाड असल्याने आतले थोडे सरकतात, म्हणून या घडीवर नख नाही, चमच्याची पाठ फिरवा. खालच्या टोकापासून १० सेंमीवर तिरका काप देऊन वरचे वेडेवाकडे कोपरे काढून टाका. चिमटीची खूणही त्यांच्याबरोबर जाते.

नक्षी तुमची. दोन्ही कडांनी त्रिकोण, पानं, अर्धगोल कापत जा, पण समोरासमोरचे काप एकमेकांना भिडू देऊ नका. मध्ये निदान ५ मिमी कागद ठेवा, नाहीतर जाळी हातात तुकड्यांनी येते. आधी आतले बारीक काप, मग मोठे, कारण मोठे आधी कापले की पाचर लुळी पडते. कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. टोक तिरकं छाटलं तर मध्ये चांदणी उमटते. आणि नक्षी कमी वाटते आहे अशा वेळी थांबा, उलगडल्यावर ती बारा पट होते.

उलगडताना घाई नको. ज्या क्रमाने दुमडलं त्याच्या उलट, एकेक घडी, बारीक पाकळीखाली बोट घालून. मग जाड पुस्तकात रात्रभर दाबून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, घोटीव कागदावर मात्र नको, त्याची चकाकी जाते.