मॅन पेजेसचं छापील पुस्तक करताना

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या प्रोग्रामर्स मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तेव्हा घालून दिलेला साचा, म्हणजे आधी नाव, मग वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाईली आणि शेवटाकडे माहीत असलेले बग, आजही फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टिमच्या मॅन पेजेसमध्ये, म्हणजे सिस्टिमसोबतच येणाऱ्या मॅन्युअलच्या पानांमध्ये, जवळपास तसाच दिसतो. मजकूर तयार आहे, सोर्स खुला आहे, टाइपसेटिंगची साधनं मोफत आहेत. त्यामुळे नवख्याला वाटतं, सगळ्या फाईली ग्रॉफ या टाइपसेटिंगच्या प्रोग्राममधून काढल्या की पुस्तक झालं. तसं केलं की हजारो पानांचा गठ्ठा हाती येतो, त्यात हवं ते सापडत नाही आणि लांब उदाहरणं समासाबाहेर पळालेली असतात. खरी मेहनत काय वगळायचं, ओळ किती रुंद ठेवायची आणि सूची कशी बांधायची, यात आहे.

काय घ्यायचं, काय सोडायचं

सुरुवातीला बीएसडी कुळातली एखादी सिस्टिम निवडा. तिथे कर्नल, कमांड आणि त्यांची मॅन पेजेस एकाच सोर्स ट्रीमध्ये नांदतात; ग्रेपच्या कोडशेजारीच ग्रेपचं मॅन पेज असतं. लिनक्समध्ये हीच पानं अनेक प्रकल्पांतून गोळा करावी लागतात आणि प्रत्येकाची आवृत्ती निराळी निघते. एक रिलीज टॅग पक्का करा, त्यावरून स्वतःची शाखा काढा आणि छपाई होईपर्यंत ती सोडू नका. मधेच नवीन सोर्स ओढून घेतला की पानांचे आकडे, सूची, तळटीप सगळं पुन्हा करावं लागतं.

मॅन्युअलच्या नऊ विभागांपैकी १ (कमांड), ८ (व्यवस्थापन) आणि ५ (फाईलींची मांडणी) पूर्ण घ्यावेत. २ आणि ३, म्हणजे सिस्टिम कॉल आणि लायब्ररी, यांचा स्वतंत्र खंड करावा. वाचकही वेगळा असतो. विभाग ४ बहुतांशी हार्डवेअर ड्रायव्हरचा, आणि पुस्तकात सगळ्यात लवकर शिळा होणारा मजकूर तोच. तो सोडलेला बरा. पर्ल, ओपनएसएसएल, कंपायलर अशा बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरची पानंही सोडा. ती प्रचंड असतात, दुसऱ्या साधनातून आपोआप बनलेली असतात आणि त्यांच्या रिलीजचं वेळापत्रक सिस्टिमशी जुळत नाही. विभाग ७ (संकीर्ण) मधून निवडक पानं घ्यावीत. आस्की तक्त्याचं पान तर हवंच, कागदावर ते स्क्रीनपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

नकला आधीच काढून टाका. एकच मजकूर अनेक नावांनी मिळावा म्हणून कुठे हार्ड लिंक (एकाच फाईलची अनेक नावं) असतात, तर कुठे दुसऱ्या पानाकडे बोट दाखवणारी एका ओळीची फाईल असते. मेमरी मागणाऱ्या मॅलॉक या फंक्शनचंच पान घ्या: तेच कॅलॉक, रीअॅलॉक आणि फ्रीचंही पान आहे. पुस्तकात ते एकदाच छापायचं, पण चारही नावं टिपून ठेवायची. सूची करताना ही यादी लागते, आणि ती नंतर नव्याने करणं फार कंटाळवाणं असतं.

मजकूर स्वच्छ करणं

टाइपसेटिंगआधी प्रत्येक फाईल मॅनडॉक या मॅन पेजेससाठीच्या साधनाच्या लिंट (चुका तपासणाऱ्या) मोडमधून काढा. चुकीचे मॅक्रो, न मिटवलेल्या याद्या, अस्तित्वात नसलेल्या पानांचे संदर्भ तो ओळ क्रमांकासह दाखवतो. मॅनडॉकला थेट पीडीएफही करता येतं, पण फॉन्ट आणि मांडणीवर फारसा ताबा मिळत नाही. म्हणून तपासणी मॅनडॉककडे आणि टाइपसेटिंग ग्रॉफकडे, अशी वाटणी ठेवावी. ग्रॉफ १.२३ किंवा त्यापुढचा घ्या.

लिंट ज्या चुका पकडत नाही त्या जास्त त्रासदायक. सोर्समध्ये नुसती आडवी रेघ लिहिली तर ट्रॉफच्या (ग्रॉफ ज्याचा अवतार आहे त्या मूळ टाइपसेटिंग भाषेच्या) दृष्टीने तो शब्दजोडणीचा हायफन. कमांडच्या पर्यायाआधी जी रेघ हवी तिच्याआधी बॅकस्लॅश लागतो. टर्मिनलवर दोन्ही बऱ्याचदा सारख्याच दिसतात म्हणून लेखक दुर्लक्ष करतात. कागदावर पर्यायाची रेघ आखूड उमटते, आणि पीडीएफमधून कमांड उचलून शेलमध्ये टाकली तर चालतच नाही. सरळ एकेरी अवतरणचिन्ह, बॅकटिक, कॅरट आणि टिल्ड यांचंही तेच: छापताना ती वळणदार अवतरणं किंवा अक्षरावरच्या बारीक खुणा होऊन बसतात. बॅकटिक आणि अवतरणचिन्ह यांत शेल फरक करतं, त्यामुळे ही दिसण्यापुरती बाब नाही, उदाहरण चुकीचं छापलं जातं. प्रत्येक चिन्हाला ट्रॉफमध्ये स्वतंत्र एस्केप (बॅकस्लॅशने सुरू होणारा संकेत) आहे. उदाहरणांचे सगळे ब्लॉक स्क्रिप्टने वेगळे काढा आणि ही चार चिन्हं व रेघ एकेक करून पाहा.

दुसरी नेहमीची गडबड तक्त्यांची. ज्या पानात तक्ता आहे त्याच्या पहिल्या ओळीत तशी खूण असते आणि मॅन कमांड ती वाचून टीबीएल हा प्रीप्रोसेसर स्वतः चालवते. ग्रॉफ थेट वापरताना तो पर्याय तुम्हालाच द्यावा लागतो. विसरलात तर तक्त्याच्या जागी टॅबने विखुरलेले शब्द छापले जातात.

रुंदीचं गणित

मॅन पेजमधली उदाहरणं ८० कॉलमचं टर्मिनल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. कुरियर फॉन्टचं प्रत्येक अक्षर त्याच्या आकाराच्या ०.६ पट रुंद असतं. १० पॉइंटला ८० अक्षरं म्हणजे ४८० पॉइंट, इंचाला ७२ पॉइंट या हिशेबाने सुमारे १६९ मिलिमीटर. ए४ कागद २१० मिमी रुंद, म्हणजे दोन्ही समासांना मिळून ४१ मिमी उरले. जाड पुस्तकात बांधणीकडच्या समासालाच २२ ते २५ लागतात. त्यात मॅन पेजचा मजकूर मुळातच डावीकडून अर्धा इंच आत सरकवलेला असतो. तो धरला की ए४ सुद्धा पुरत नाही.

बी५ (१७६ गुणिले २५० मिमी) हा आकार हाताळायला उत्तम. तिथे कुरियर ८ पॉइंटवर आणला तर ८० अक्षरांना १३५ मिमी लागतात, पण ८ पॉइंटचा कुरियर इतका बारीक आणि फिकट दिसतो की कीबोर्डशेजारी ठेवलेल्या पुस्तकात तो वाचवत नाही. फॉन्टच अरुंद घेणं जास्त शहाणपणाचं. इन्कॉन्सोलाटाचं अक्षर आकाराच्या बरोबर निम्मं असतं: ९ पॉइंटला ८० अक्षरं १२७ मिमीत बसतात. शिवाय त्यात शून्याला तिरकी रेघ आहे, आणि कागदावरून बघून टाइप करणाऱ्याला शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे ओळखता येणं गरजेचं आहे. डावा इंडेंट अर्ध्या इंचावरून पाव इंचावर आणा, म्हणजे बी५ वर दोन्ही समास मिळून ४२ मिमी राहतात: आत २४, बाहेर १८.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाहत्या मजकुराची ओळ तोडता आली नाही तर ग्रॉफ इशारा देतो. जसाच्या तसा छापायचा ब्लॉक समासाबाहेर गेला तर तो गप्प बसतो. म्हणून असे सगळे ब्लॉक ऑक या कमांडने मोजून ८० पेक्षा लांब ओळींची यादी काढायची आणि त्या हाताने तोडायच्या. कमांड असेल तर बॅकस्लॅश देऊन पुढच्या ओळीवर न्या. कमांडने छापलेलं आउटपुट असेल तर बॅकस्लॅश देऊ नका, तिथे मधला अनावश्यक भाग गाळा.

बाहेरचा फॉन्ट ग्रॉफला द्यायचा तर ग्रॉफसोबतच्या एएफएमटूडिटने त्याचं वर्णन तयार करावं लागतं आणि फॉन्टचं नाव व फाईलचा पत्ता डाउनलोड नावाच्या यादीत लिहावा लागतो. या यादीतले रकाने टॅबने वेगळे करायचे असतात. स्पेस दिली तर फॉन्ट सापडत नाही, आणि डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसत असल्याने माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पानांचे आकडे आणि सूची

जुन्या युनिक्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक नोंदीचे पान क्रमांक १ पासूनच सुरू होत. सुटी पानं बदलता यावीत हा त्यामागचा विचार होता. बांधलेल्या पुस्तकाला सलग आकडे हवेत. सगळ्या फाईली एकदम ग्रॉफला देण्यापेक्षा प्रत्येक मॅन पेजचा वेगळा पीडीएफ करणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण एका फाईलने मोडून ठेवलेला टॅब, फॉन्ट किंवा स्वतःचा मॅक्रो पुढच्या फाईलमध्ये गळत नाही. पहिल्या फेरीत सगळे पीडीएफ करून पीडीएफइन्फोने पानं मोजा, बेरीज करत जा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक नोंदीला तिचा सुरुवातीचा क्रमांक ग्रॉफच्या रजिस्टरमधून (आकडा साठवणाऱ्या चलातून) द्या आणि शेवटी क्यूपीडीएफने जोडा. तळाशी येणारं सिस्टिमचं नावही याच वेळी बघा: सोर्समध्ये ते बऱ्याचदा रिकामं असतं, आणि मग ग्रॉफ स्थानिक सेटिंगमधलं, तर मॅनडॉक चालू मशीनचं नाव टाकतो. ओपनबीएसडीचं पुस्तक लिनक्सवर बनवलं तर प्रत्येक पानाच्या तळाशी भलतंच नाव जाऊ शकतं. नाव आणि आवृत्ती स्वतः ठरवून द्या.

मॅन पेजमधल्या ‘हेही पाहा’ या संदर्भांच्या यादीमध्ये पान क्रमांक घालण्याच्या फंदात पडू नये. विभागात नोंदी अकारविल्हे आहेत, वाचक शब्दकोशासारखं उघडून पोचतो. तो वेळ सूचीला द्या.

सूची दोन हव्यात. एक नावांची, ज्यात कॅलॉकसुद्धा स्वतंत्र येईल. दुसरी फिरती सूची, जी सातव्या आवृत्तीच्या (१९७९) मॅन्युअलमध्ये होती आणि आता पुष्कळांनी पाहिलेलीही नाही. तिच्यात प्रत्येक पानाची एका ओळीची ओळख प्रत्येक महत्त्वाच्या शब्दापाशी पुन्हा येते. ग्रेपची ओळख ‘फाईल पॅटर्न सर्चर’ अशी असेल तर ती फाईल, पॅटर्न आणि सर्चर अशा तिन्ही ठिकाणी सापडते. कमांडचं नाव माहीत नसलेल्याला छापील पुस्तकात वाट दाखवणारी हीच एक जागा. ग्नू कोअरयुटिल्समधला पीटीएक्स ती करून देतो, पण वगळायच्या शब्दांची यादी तुमची असली पाहिजे. इंग्रजी उपपदं आणि अव्ययं तर काढाच. ‘गेट’, ‘सेट’ असे शब्दही काढा, नाहीतर विभाग २ आणि ३ मुळे त्यांच्याखाली पानंच्या पानं भरतात. छापण्याआधी सूचीतले वीसेक शब्द कुणा त्रयस्थाला शोधायला द्या.

परवान्याची पानं

बीएसडी परवान्यानुसार पुनर्वितरण करताना कॉपीराइट सूचना सोबत द्यावी लागते. मॅन पेजमध्ये ही सूचना टिप्पणीत असते आणि टिप्पणी छापली जात नाही. म्हणजे काहीच न करता छापलं तर अट मोडली. सगळ्या फाईलींच्या टिप्पण्या स्क्रिप्टने गोळा करा, सारखा मजकूर एकदाच ठेवा, त्याखाली कॉपीराइटधारकांची नावं व वर्षं द्या, आणि परिशिष्ट करा. मुखपृष्ठावर सिस्टिमचं नाव किंवा चिन्ह टाकण्याआधी ट्रेडमार्क ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्या.

छापखान्यात

पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड (फाईलमध्येच समाविष्ट) झालेत का, हे पीडीएफफॉन्ट्सने तपासा. पीडीएफच्या मूळ १४ फॉन्टना ग्रॉफ आपणहून आत घेत नाही, त्याला तसा पर्याय द्यावा लागतो. ते राहिलं तर छापखान्यातलं मशीन स्वतःजवळचा फॉन्ट वापरतं आणि अक्षरांची रुंदी बदलते.

८०० पानं म्हणजे ४०० कागद. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद साधारण ०.१ मिमी जाड, म्हणजे पुस्तक ४० मिमीचं. ६० जीएसएमवर ते ३० ते ३२ मिमीत बसतं, पण मागच्या पानाची शाई दिसते. अपारदर्शकता चांगली असलेला कागद मागा आणि छापलेला नमुना बघूनच ठरवा. एकूण पानं १६ च्या पटीत आणा. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवा, आडवा गेला तर पान ताठ राहतं आणि पुस्तक उघडं ठेवलं की मिटतं. मॅन्युअल वापरताना दोन्ही हात कीबोर्डवर असतात, म्हणून नुसत्या गोंदाच्या बांधणीपेक्षा शिलाईची बांधणी घ्यावी, खर्च वाढला तरी. खर्च कमी करायचाच असेल तर पानं कमी करा.

पूर्ण छपाईआधी एकच प्रत काढून घ्या आणि तिच्यातली काही ठरावीक पानं बारकाईने तपासा: अगदी छोटं ट्रू, खूप लांब केएसएच, आस्कीचा तक्ता, प्रिंटएफ आणि टार. जवळपास प्रत्येक प्रकारचा दोष यांपैकी कुठे ना कुठे दिसतोच. सापडलेली चूक मजकुरातली असेल तर फक्त आपल्या शाखेत दुरुस्त करून थांबू नका, पॅच (बदलाची फाईल) मूळ प्रकल्पाकडे पाठवा, आणि एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल ठेवा. पर्यायांच्या रेघा आणि शब्दरचना एकत्र बदललेला मोठा पॅच कुणी वाचत नाही, आणि स्वीकारला न गेलेला प्रत्येक बदल पुढच्या रिलीजच्या वेळी तुम्हाला पुन्हा हाताने बसवावा लागतो.