भालाफेकपटूचं कोपर दाखवायला नेण्याआधी

एमआरआयची घाई करू नका, आधी वही काढा. कोपराच्या आतल्या बाजूचं, म्हणजे करंगळीकडचं लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारी पट्टी) दुखावलंय का, याचा निम्मा उलगडा खेळाडूच्या सांगण्यातूनच होतो. एकाच फेकीत ‘कट्’ झालं, की दुखणं महिनाभर वाढत गेलं? भाला मागून पुढे ओढताना कळ येते, की तो सुटल्यावर कोपर सरळ होताना? ओढताना कळ येत असेल तर लिगामेंटचा संशय बळावतो; सुटल्यावर येत असेल तर बहुधा कोपराच्या मागे हाड घासत असतं. करंगळी-अनामिकेला मुंग्या येत असतील तर तेही लिहा, कारण नस तिथूनच जाते. ‘नीरज चोप्राचंही कोपराचं ऑपरेशन झालं होतं’ हे सगळे ऐकवतील. 2019 मध्ये मुंबईत त्याच्या कोपरातले हाडाचे तुकडे काढले होते. तो आजार वेगळा.

मोबाइलवर फेकीचा जुना, बाजूने घेतलेला व्हिडिओ असू द्या. दुखत असताना नवा काढायला मात्र फेकायला लावू नका. बिनबाह्यांचा टी-शर्ट घाला, खांदाही तपासतात. डॉक्टर कोपर पूर्ण वाकवून, बाहेरच्या दिशेला ताण देत झटकन सरळ करतील. मधल्या टप्प्यात नेहमीचीच कळ उठली तर ती मोठी खूण. म्हणून डॉक्टरांनी नेमून दिलेली नसेल तर त्या सकाळी वेदनाशामक गोळी नको. वाढीच्या वयातल्या मुलांत लिगामेंटआधी हाडाची वाढ होते तो कच्चा भागच दुखावतो, त्यामुळे दोन्ही कोपरांचा एक्स-रे लागू शकतो. एमआरआय सांगितलाच, तर सांध्यात डाय (आतलं स्पष्ट दिसावं म्हणून टोचायचं औषध) टाकून करायचा का, हे विचारून घ्या. नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नका. काहीही न दुखणाऱ्या फेकपटूंच्या एमआरआयमध्येही बदल दिसतात.

लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर बहुतेकदा आधी काही आठवडे ते तीन महिने फेक बंद आणि फिजिओ. त्याचे पैसे नि रजा आधीच बाजूला काढा. पूर्ण फाटलं आणि वरच्या पातळीवर खेळायचंच असेल, तर लिगामेंट नव्याने बांधायचा पर्याय आहे. 1974 मध्ये सर्जन फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉल पिचरवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) तो पहिल्यांदा वापरला. जॉन 1976 मध्ये परतला. मनगटाचा स्नायुबंध त्यासाठी घेतात. अंगठा नि करंगळी जुळवून मनगट वाकवा, मधोमध दोरी उठते ती. काहींना ती नसतेच, मग मांडीमागचा घेतात. परतायला वर्षभर किंवा जास्तच लागतं, तेव्हा स्पर्धांचं आणि परीक्षांचं वेळापत्रक सोबत न्या. फेक पुन्हा कधी, किती अंतरावर, आठवड्यातून किती वेळा, हे डॉक्टर आणि फिजिओकडून लेखी घ्या आणि त्याची एक प्रत प्रशिक्षकांना द्या.