पेस्ट्री क्रीम करताय? आधी या चुका टाळा

टार्टमध्ये भरायचं हे दूध-बलकाचं क्रीम रात्री मस्त घट्ट झालेलं, सकाळी फ्रीजमधून काढलं तर पाणी. असा फोटो मला सारखा येतो, सोबत "ताई, कॉर्नफ्लोअर वाढवू का?" अहो नाही, कॉर्नफ्लोअरचा काही दोष नाही, तुम्ही ते उकळलंच नाहीत!

मी पण हेच केलंय. भाचीच्या वाढदिवसाला फ्रूट टार्ट करायचं कबूल केलं, आदल्या रात्री क्रीम केलं, घट्ट व्हायला लागल्याबरोबर अंडं फाटेल या भीतीने धावत गॅस बंद केला. फ्रीजमध्ये ठेवताना छान श्रीखंडासारखं होतं हो, सकाळी बघते तर बासुंदीपेक्षा पातळ. दुकानात जाऊन दुसऱ्या ब्रँडचं कॉर्नफ्लोअर आणलं, परत केलं, परत तसंच भीत भीत गॅस बंद, आणि दुपारी टार्ट कापलं तर क्रीम ताटभर आणि किवीचे काप त्यात पोहतायत. भाचीने वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं बिचारीने.

कारण नंतर कळलं. अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडतं. नीट उकळलं नाही तर ते जिवंत राहतं आणि रात्रभर फ्रीजमध्ये बसून तुमचं क्रीम पातळ करतं. आणि अंडं फाटायची भीती इथे नकोच, कारण स्टार्च त्याला सांभाळून घेतो. बिनस्टार्चचं पातळ कस्टर्ड उकळलं तर फाटतं, हे नाही. आता मी काय करते, तर घट्ट झालं की व्हिस्क दोन सेकंद थांबवते, मधोमध पिठल्यासारखा रटरट बुडबुडा फुटला की मग मनात शंभरपर्यंत मोजते, हात चालूच. घड्याळबिड्याळ नाही.

आणि हो, चव बघितलेला उष्टा चमचा परत पातेल्यात नको. सोवळं म्हणून नाही, आपल्या लाळेतही अमायलेज असतं!

माझं माप अर्धा लिटर फुल क्रीम दूध, 5 बलक, 100 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, शेवटी गॅसवरून उतरवून 40 ग्रॅम बटर. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं, बोटांत चुरचुरणारं. भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे, तेही एकीने घातलंय.

बलकावर साखर घालून फोन घ्यायला जाऊ नका. साखर ओलावा ओढून घेते, बलकाच्या सुक्या गुठळ्या होतात, त्या मग विरघळत नाहीत. घातली की लगेच फेटायचं.

गरम दूध बलकात, बारीक धारेने, फेटत फेटत. उलटं करून बलक उकळत्या दुधात ओतलेत तर भुर्जी.

जर्मनचं पातेलं नको, आतून व्हिस्क घासला जातो आणि क्रीम राखाडी पडतं. जाड बुडाचं स्टील घ्या, आणि व्हिस्क कोपऱ्यात फिरवा, तिथेच लागतं.

साय! दुधावर आपल्याला आवडते, इथे तिच्या गुठळ्या होतात. क्लिंग फिल्म क्रीमला चिकटवून लावायची, भांड्याच्या तोंडावर ताणून नाही. मी पसरट ताटात ओतते, लवकर गार होतं.

आता कस्टर्ड पावडर. "पटकन होतं ना!" होतं, पण मग त्याला क्रेम पातिसिएर (पेस्ट्री क्रीमचं फ्रेंच नाव) म्हणू नका. ती पावडर म्हणजे मुळात कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास, त्यात अंडं नसतंच. फ्रूट सॅलडला मी पण वापरते, तक्रार नाही. पण एक्लेअर (टॉफी नव्हे, क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री) फोडल्यावर जो बलकाचा जड, रेशमी स्वाद यायला हवा तो पाकिटातून कुठून येणार? वीस मिनिटांचं काम आहे, त्यात सात-आठ मिनिटं हात हलवायचा, तेवढाही धीर नसेल तर पी हळद नि हो गोरी!

गार झालं की थरथरत्या जेलीसारखं दिसतं, तेव्हा घाबरून दूध घालू नका. व्हिस्कने जोरात फेटा, मिनिटभरात मऊ होतं. फ्रीजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी मी टाकते. फ्रीजर नकोच, वितळलं की पाणी सुटतं आणि मग परत मला फोटो येतो.