मदतीला धावणारं कुत्रं: वाळवण, चपला आणि नळाचा पाईप

सोलापुरात मार्च लागला की गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे पसरतात आणि घरातलं कुत्रं राखणीला बसतं. कावळा उतरला की ते झेप घेतं. कावळा उडून जातो, पण निम्म्या कुरडया पायांखाली चुरतात. वर ते शेपूट हलवत शाबासकीची वाट बघतं. त्याच्यावर ओरडू नका. त्याची राखणदारी खरी आहे, फक्त त्याला बसायची जागा नेमून द्यायची राहिलेली असते.

जुनी सोलापुरी चादर चौपदरी घडी करून आधी घरात, फरशीवर टाका. साध्या भाकरीचे किंवा बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे हाताशी ठेवा. तुकडा दाखवत त्याला चादरीवर न्या. चारही पाय वर आले की त्याच क्षणी ‘जागेवर’ म्हणा आणि तुकडा द्या. एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा, जेवणाआधी. ते आपणहून चादरीवर जाऊ लागलं की बसण्याचा वेळ वाढवा: २ सेकंद, १०, ३०, मग मिनिटभर. त्यानंतर तुम्ही दोन पावलं लांब उभे राहा. वेळ आणि अंतर एकदम वाढवलं की हमखास बिघडतं. शेवटी कुणाला तरी पुढ्यात टॉवेल फडफडवायला सांगा. तेव्हाही ते जागचं हललं नाही, तर चादर गच्चीवर न्या. कावळ्यावर भुंकलं तर चालेल, चादर सोडायची नाही. आणि शब्द घरभर एकच हवा. आजी ‘बस तिथं’ आणि मुलं ‘स्टे’ म्हणत राहिली, तर त्या बिचाऱ्याने ऐकायचं कुणाचं?

राखणीची पाळी मात्र सकाळी लवकरच. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि स्लॅबवर पंजे भाजतात. हाताची मागची बाजू स्लॅबवर ७ सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याला खाली आणा. खूप धाप, घट्ट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं आहेत. पोट, पाय, मान साध्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली घ्या आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे निघा.

पाहुणे आले की त्यांची चप्पल उचलून थेट बैठकीत आणून ठेवणं, हा लॅब्रॅडॉरचा आवडता पाहुणचार. ही जातच शिकार उचलून आणण्यासाठी तयार झाली, त्यामुळे आनंद झाला की त्याला तोंडात काहीतरी धरावंसं वाटतं. मागे पळालात तर त्याला तो खेळ वाटतो. हिसकावलंत तर पुढच्या वेळी ते गुरगुरेल किंवा वस्तू गिळून टाकेल, आणि गिळलेला मोजा आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येऊ शकते. त्याऐवजी तुकडा नाकाजवळ धरा. तोंड उघडलं की ‘दे’ म्हणा, तुकडा द्या आणि वस्तू घ्या. सरावाच्या खेळण्याने हे करत असाल तर ते खेळणं लगेच परत द्या, म्हणजे दिलं की जातं अशी भीती बसत नाही. नंतर जुन्या टॉवेलला दोन घट्ट गाठी मारून तो दाराशी ठेवा आणि बेल वाजली की त्याच्या तोंडात द्या. तोंड भरलेलं असलं की चप्पल सुटते.

पाणी येण्याच्या दिवशी पिंपातला पाईप ओढून काढणं हीही त्याची मदतच. पाईप पिंपाच्या काठाला सुतळीने बांधा, पिंपावर झाकण ठेवा आणि पाणी भरेपर्यंत कुत्र्याला आत घ्या. धारेशी खेळताना पाणी बेसुमार पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून हा खेळ लांबू देऊ नका.

ताट चाटून साफ करण्याची मदत मात्र पूर्ण बंद. शेंगा चटणीतला लसूण आणि भाजीतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्रास त्याच दिवशी दिसेलच असं नाही, काही दिवसांनीही हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं मलूल होतं. चटणीचा डबा फस्त केला असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, हे डॉक्टरांना फोनवरच सांगा. उरलेला डबाही सोबत न्या.