‘औदुंबर’चा अर्थ लावताना या चुका टाळा

बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत झाड अगदी शेवटी येते आणि माणसासारखे ‘पाय टाकुनी जळांत’ बसते. रसग्रहण लिहिणारे बहुतेक जण नेमके येथेच घसरतात, कारण हा बसलेला माणूस काय करतो आहे हे पाहण्याआधीच तो कोण आहे हे त्यांना सांगून टाकायचे असते.

एका काव्यवाचन शिबिरात एका उत्साही वाचकाने औदुंबर म्हणजे दत्तगुरू, झरा म्हणजे संसार, पांढरी पायवाट म्हणजे मोक्षमार्ग आणि ‘चार घरांचे गाव’ म्हणजे चार आश्रम असा अर्थ लावला आणि भरपूर टाळ्या मिळवल्या. मग शेतमळ्यांची ‘हिरवी गरदी’ कोणत्या खात्यात टाकायची, असे मी विचारले, तेव्हा ती ओळ निव्वळ वर्णनात्मक असल्याचे उत्तर मिळाले. उंबराखाली दत्ताचे स्थान असते हे खरे. परंतु या कवितेत ना पादुका आहेत, ना पार, ना कोणी भक्त. किल्ली एका ओळीला लागते आणि दुसरीला लागत नाही, तेव्हा ती बाहेरून आणलेली असते.

अशा वेळी मी पेन्सिलीने फक्त क्रियापदे अधोरेखित करतो. झरा वाहतो, पायवाट आडवीतिडवी पडते आणि पुढे डोहाकडे चालू लागते, शेतांची गर्दी होते. गाव, शेते आणि वाट असूनही कवितेत एकही माणूस दिसत नाही. माणसांची गर्दी शेतांनी केली आहे, चालणे पायवाटेने उचलले आहे आणि बसणे तेवढे औदुंबराच्या वाट्याला आले आहे. पहिल्या सहा ओळी पार्श्वभूमी म्हणून ओलांडणाऱ्या घाईच्या वाचकाला हे दिसत नाही, आणि मग त्याला दत्तगुरूंना बोलवावे लागते.

बालकवींचा १९१८ साली भादली येथे रेल्वे अपघातात मृत्यू झाला, एवढ्यावरून काळ्या डोहात मृत्यूची चाहूल शोधू नये. कवितेला पुढचे ठाऊक नसते.

अलंकार ओळखतानाही चूक होते. झाड बसल्याच्या शेवटच्या ओळीत ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही. त्यामुळे ही उपमा नव्हे. ‘चेतनगुणोक्ती’, म्हणजे निर्जीव वा मानवेतर गोष्टीला माणसासारखे वागायला लावणारा अलंकार, हे उत्तर बरोबर आहे, पण तेवढे लिहून थांबणे म्हणजे पत्ता लिहून पाकीट रिकामे पाठवणे होय.

ओढ्याकाठचा उंबर कधीच पाहिला नसेल, तर मार्गदर्शिका बाजूला ठेवून आधी तो पाहून यावा.

या साऱ्यांपेक्षा मला अधिक खटकते ते एका विशेषणाचे गळणे. पाण्यावर पसरलेल्या काळिम्यावरून उदासीनतेवर दोन पाने लिहिणारे लोक बालकवींनी त्या काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे हे सोयीस्करपणे विसरतात. उदास अर्थ लावण्यास माझी हरकत नाही. मात्र ‘गोड’चे काय केले, ते त्याच परिच्छेदात लिहावे.