दालीचं ब्राँझ कोकणातल्या घरात: पारख आणि जपणूक

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची वितळती घड्याळं १९३१ च्या चित्रातून जगाला ठाऊक झाली. तीच पुढे ब्राँझमध्येही ओतली गेली. चित्र आपल्या आवाक्याबाहेरचं, पण मर्यादित आवृत्तीतलं छोटं शिल्प हौशी संग्राहकाला घेता येतं. ते नीट पारखून घ्यावं आणि घरी आणल्यावर खाऱ्या हवेपासून जपावं.

पहिल्यांदा क्रमांक वाचायला शिका. बैठकीवर किंवा मागच्या बाजूला ४५/३५० असं कोरलेलं असतं, म्हणजे ३५० पैकी ४५ वी प्रत. फ्रान्समधल्या नियमानुसार ब्राँझच्या 'मूळ' प्रती जास्तीत जास्त १२ असतात: ८ क्रमांकाच्या आणि ४ कलाकाराच्या, त्यांवर रोमन आकडे. ३५० ची आवृत्तीही रीतसर आणि अधिकृत असू शकते, मात्र तिला १२ च्या आवृत्तीची किंमत देऊ नका. कमी क्रमांकाची प्रत जास्त चांगली, हा समजही सोडून द्या. हल्लीच्या ओतकामात पहिल्या आणि शंभराव्या प्रतीत फारसा फरक नसतो.

त्यानंतर विक्रेत्याला विचारा: मूळ मेण, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो मेणाचा नमुना, कोणी घडवलं? ओतकाम कुठल्या फाऊंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) आणि कोणत्या साली झालं? दाली १९८९ मध्ये वारला, त्यामुळे सालाला महत्त्व आहे. मरणोत्तर प्रत म्हणजे खोटी प्रत असं नाही, पण तसं स्पष्ट सांगितलेलं हवं. नुसत्या सहीवर जाऊ नका. दालीने कोऱ्या कागदांवर सह्या केल्याचं प्रकरण गाजलेलं आहे आणि प्रमाणपत्र तर कोणीही छापतं. दालीच्या कामाचे अभ्यासक रोबेर आणि निकोला देशार्न या पितापुत्रांनी केलेल्या त्याच्या शिल्पांच्या सूचीत तुमचं शिल्प शोधा आणि उंची ताडून पाहा. तयार ब्राँझवरून साचा काढून पुन्हा ओतलं, तर धातू थंड होताना आकसतो. अशी नक्कल मूळ प्रतीपेक्षा थोडी लहान भरते, बारकावेही बोथट होतात. फ्रान्समध्ये १९८१ पासून अशा नकलेवर 'पुनरुत्पादन' असं कोरणं बंधनकारक आहे.

शिल्प हातात घ्या. ब्राँझ जड आणि गार लागतं, लोहचुंबक त्याला चिकटत नाही. हलकं आणि कोमट लागलं, तर रेझिनमध्ये (प्लॅस्टिकसारख्या राळेत) धातूची पूड मिसळलेली असण्याची शक्यता मोठी.

किंमत ठरवताना वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि कर आधीच लेखी मागा.

आता घरी. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हवेतला मिठाचा अंश ब्राँझचा खरा वैरी. मिठातलं क्लोराइड ब्राँझमधल्या तांब्यात शिरलं आणि ओल मिळाली, की फिकट हिरवे, पुडीसारखे ठिपके उठतात. एकसारखा गडद हिरवा थर बहुधा मुद्दाम चढवलेला पटिना, म्हणजे पृष्ठभागाचा रंग, असतो, तो घाबरण्यासारखा नाही. खरवडल्यावर भुगा पडणारे ठिपके मात्र रोगाचे. म्हणून शिल्प पडवीत किंवा समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. माजघरातली कोरडी, आतली भिंत बरी. पावसाळ्यात काचेच्या बंद पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. पुड्या वेळच्या वेळी वाळवा, नाहीतर त्यांचा उपयोग संपतो.

सगळ्यात मोठा धोका गणपतीच्या आधीचा. समया, घंगाळं, तांब्ये घासायला निघतात, तेव्हा कोणीतरी प्रेमाने शिल्पालाही आमसूल, चिंच नाहीतर बिंबल लावतं. आंबटाने पटिना उतरून धातू उघडा पडतो. फाऊंड्रीत उष्णतेने आणि रसायनांनी चढवलेला तो रंग घरी परत येत नाही. घरच्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगा. धूळ मऊ ब्रशने झाडा. हाताच्या घामातही मीठ असतं, म्हणून उचलताना सुती हातमोजे घाला. मे महिन्यात, पावसाच्या आधी, ब्राँझसाठी मिळणाऱ्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि मलमलीने हलकेच पुसा. त्याआधी पृष्ठभाग पूर्ण कोरडा असू द्या. मेणाखाली ओल अडकली तर उलटंच होतं.

हिरवी पूड दिसलीच, तर शिल्प कोरड्या जागी वेगळं ठेवा, सर्व बाजूंनी फोटो काढा आणि धातूच्या जतनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाला गाठा. विम्याच्या कागदांसोबत हे फोटोही तारखेनिशी ठेवा.