बुडालेलं जहाज बघायला जाताना

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ मित्रांसोबत रेक डायव्हिंगला, म्हणजे बुडालेल्या जहाजापाशी बुडी मारायला, जाणार असाल, तर परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका. दिवसात दोन डाइव्ह झाल्या की विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत. पाण्याखालच्या दाबानं शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडतो, आणि त्याआधी विमानातल्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सर्दी असेल तर बोटीवरच थांबा, कानांतला दाब सुटत नाही. (मित्र चिडवतील, चिडवू देत.) खाली गंजलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते, वर कालवांची खरखरीत पुटं. हात लावू नका, आत तर शिरूच नका. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्या. नांगर टाकल्यावर घेतली तर पोह्यांसकट बाहेर येते.